सुपरहीरो कॉमिक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण कोथरूडला एका मैत्रिणीच्या गच्चीवर कॉमिक्स घेऊन बसतो. ज्यांना यायला जमत नाही ते फोनवर प्रश्न पाठवतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उत्तरांतली मतं माझी आहेत. गच्चीवरच्या सगळ्यांनाच ती पटतात असं नाही.

१. ताई, सुपरहीरो कॉमिक कधीच वाचलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

पहिल्या अंकापासून तर मुळीच नको. सुपरमॅन १९३८ पासून छापला जातोय, बॅटमॅन १९३९ पासून. सगळं क्रमाने वाचायचं ठरवलं तर आठवड्याभरात सोडून द्याल, कारण त्या काळी गोष्ट सांगायची रीतच वेगळी होती. सुरू होऊन संपणारी एकच गोष्ट निवडा.

मी नव्या वाचकाच्या हातात ‘बॅटमॅन: इयर वन’ ठेवते. १९८७ साली चार अंकांत आलेली ही कथा फ्रँक मिलरने लिहिली, डेव्हिड माझुकेलीने काढली आणि रिचमंड लुईसने रंगवली. नाव बॅटमॅनचं असलं तरी निम्मी गोष्ट जिम गॉर्डनची आहे. सडलेल्या पोलिस खात्यात नव्याने बदलून आलेला हा अधिकारी, घरी गरोदर बायको. एका चौकटीत तो रात्री पलंगाच्या कडेला हातात पिस्तूल घेऊन बसलाय, मागे बायको झोपली आहे. ती चौकट बघितली की हे कॉमिक लहान मुलांपुरतं आहे की नाही हा प्रश्न पुन्हा पडत नाही.

आणि पहिल्या दिवसापासून एक सवय लावून घ्या: नायकाच्या मागे जाऊ नका, लेखक-चित्रकाराच्या जोडीमागे जा. नायक कंपनीचा असतो. आज एकाच्या हातात, उद्या दुसऱ्याच्या. बॅटमॅन आवडला म्हणून बॅटमॅनचं दिसेल ते उचललंत तर दहातली सात पुस्तकं पदरी पडून वाया जातील. माझुकेली आवडला म्हणून माझुकेली शोधलात तर असं फारसं होणार नाही.

२. अंक, ट्रेड आणि ऑम्निबस यात फरक काय? विकत काय घ्यायचं?

अंक म्हणजे साधारण वीस-बावीस पानांची गोष्ट असलेलं, बहुतेकदा मासिक निघणारं पातळ पुस्तक. त्यातले पाच-सहा अंक एकत्र बांधले की ट्रेड. वीस-तीस किंवा त्याहून जास्त अंक पुठ्ठा बांधणीत आले की ऑम्निबस. ट्रेड घ्या. ऑम्निबस देखणा असतो, पण तो मांडी घालून, उशीवर ठेवूनच वाचावा लागतो. पीएमपीएमएलच्या बसमध्ये तर नाहीच.

३. वाचताना आधी शब्द वाचायचे की चित्र बघायचं? माझं पुस्तक पंधरा मिनिटांत संपतं, मग पैसे वाया गेल्यासारखं वाटतं.

हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न आहे. पंधरा मिनिटांत संपतं, कारण तुम्ही फुग्यातले शब्द वाचून पान उलटताय. आधी अख्खं पान बघा. चौकटी किती आहेत, मोठी कोणती, नजर कुठून कुठे जाते ते पाहा. मग शब्द वाचा आणि पुन्हा एकदा चित्र बघा.

‘हॉकआय’चं उदाहरण घ्या. मॅट फ्रॅक्शनने लिहिलेली, डेव्हिड आहाने काढलेली ही मालिका २०१२ साली सुरू झाली. तिचा अकरावा अंक अख्खा एका कुत्र्याच्या नजरेतून आहे. माणसं बोलतात तेव्हा कुत्र्याला कळणारे दोन-चार शब्दच फुग्यात दिसतात, बाकी नुसत्या रेघोट्या. माणूस समोर आला की त्याच्याभोवती त्याच्या वासांच्या बारीक चित्रखुणा. शब्द शोधत वाचलात तर हा अंक तीन मिनिटांत संपेल. खुणा जुळवत वाचलात तर अर्धा तास पुरेल, आणि खून कोणी केला ते कुत्र्याबरोबर तुम्हालाही उमगेल. एकोणिसाव्या अंकात नायकाला ऐकू येत नाही, म्हणून कितीतरी फुगे रिकामे आहेत आणि हातांच्या खुणांची भाषा भाषांतर न देता काढली आहे. ते वाचताना जी तगमग होते ती नुसत्या शब्दांनी होणारी नाही.

‘वॉचमेन’चा पाचवा अंक तर आरशासारखा रचलाय. पहिल्या पानाची मांडणी शेवटच्या पानाशी जुळते, दुसऱ्याची त्याच्या आधीच्या पानाशी, आणि तसं करत दोन्ही टोकं मधोमध येऊन भेटतात. मला हे तिसऱ्या वाचनात दिसलं. त्या रात्री मी पुस्तक दोन्ही बाजूंनी एकेक पान उलटत पुन्हा वाचलं.

आणि ‘नाइटविंग’चा सत्याऐंशीवा अंक. ब्रुनो रेडोन्डोने त्याची सगळी पानं मिळून एकच सलग चित्र काढलंय. नायक आपल्या कुत्रीला सोडवायला शहरभर धावतो, आणि आपण त्याच्याबरोबर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. मी पानांच्या झेरॉक्स काढून चिकटपट्टीने जोडल्या आणि जमिनीवर पसरल्या. पट्टी बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. घरातले सगळे वाकून वाकून बघत होते, ज्यांनी कधी कॉमिक हातात धरलं नाही तेसुद्धा.

४. मार्व्हल चांगलं की डीसी?

दोन्ही प्रकाशनसंस्था आहेत. कोणत्याही प्रकाशनाची सगळी पुस्तकं चांगली नसतात. प्रश्न १ मधली सवय इथेही लागू.

५. अलीकडे वाचलेल्यांत सगळ्यात जास्त काय आवडलं?

जोनाथन हिकमन आणि मार्को केकेटो यांचा २०२४ चा ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’. आपल्याला ठाऊक असलेला पीटर पार्कर शाळकरी पोरगा असतो. बेनकाका मरतात आणि त्या अपराधाच्या ओझ्यातून त्याचं सगळं पुढचं आयुष्य घडतं. इथला पीटर पस्तिशीचा आहे. लग्न झालंय, दोन मुलं आहेत, बेनकाका जिवंत आहेत आणि मेकाकू गेल्या आहेत. ज्या वयात शक्ती मिळायला हवी होती ते वय निघून गेलंय, आणि आपल्या आयुष्यात काहीतरी हुकलंय एवढंच त्याला जाणवत राहतं. मग शक्ती समोर येते आणि घ्यायची की नाही हे त्याला ठरवावं लागतं. मूळ कथेत कोळी चुकून चावतो, इथे पीटर निवडतो. एवढ्या एका बदलाने सगळी गोष्टच प्रौढ माणसाची झाली.

मला त्यात मारामारीपेक्षा जेवणाच्या टेबलाची पानं आवडली. बेनकाका आणि जोनाह जेमसन म्हातारपणी मिळून स्वतःचं वर्तमानपत्र काढायचं ठरवतात. दोन म्हाताऱ्यांच्या त्या वादावादीला लेखकाने पानंच्या पानं दिली आहेत, आणि चित्रकाराने नुसत्या चेहऱ्यांवर ती पेलली आहेत.

दुसरं, ‘ॲब्सोल्यूट वंडर वुमन’. लेखन केली थॉम्पसनचं, चित्रं हेडन शर्मनची. इथली डायना आपल्या बेटावर बहिणींमध्ये वाढत नाही, नरकात सर्सी नावाच्या मांत्रिकेच्या हाताखाली वाढते. एवढं वाचून मला वाटलं, आता हिला कडवट आणि रागीट करणार. तसं केलेलं नाही. नरकात वाढूनही ही मुलगी मायाळू आहे, आणि तिला मायाळू कोणी केलं तर त्या मांत्रिकेने, मनात नसताना. सर्सी आणि लहानगी डायना यांचे प्रसंग मी तीनदा वाचले. मांडीवर दिलेलं मूल आधी नकोसं, मग सवयीचं, मग जिवाचं कसं होतं हे ज्याने घरात पाहिलंय त्याला ते लगेच कळेल.

‘ॲब्सोल्यूट बॅटमॅन’ बद्दलही खूप जण विचारतात. स्कॉट स्नायडर आणि निक ड्रॅगोटा यांनी ब्रूसची श्रीमंती काढून घेतली आहे. वडील शिक्षक होते, आई जिवंत आहे, ब्रूस स्वतः इंजिनिअर आहे. कल्पना फक्कड आहे आणि पानांत दम आहे. तरी हाणामारी मला जरा जास्त झाली. आईचे प्रसंग आले की पुस्तक उजळतं, ते आणखी हवे होते.

६. आणि निराशा कुठे झाली? सगळंच आवडतं असं तर नसेल.

‘वन मोअर डे’ हे २००७ चं पुस्तक मी उशिरा, अलीकडे वाचलं. मेकाकूंचा जीव वाचवण्यासाठी पीटर आणि मेरी जेन एका सैतानाशी सौदा करतात आणि त्यांचं लग्न झालंच नव्हतं असं होऊन जातं. वीस वर्षं वाचकांनी ज्या संसारावर जीव लावला तो एका सौद्यात पुसला. संसार असलेला नायक कंटाळवाणा होतो या समजुतीतून हे झालं असं मला वाटतं, आणि ती समजूत चुकीची आहे हे प्रश्न ५ मधल्या पीटरने दाखवलंय.

दुसरी गोष्ट सांगताना मला जास्त त्रास होतो, कारण ते पुस्तक लोकांना फार प्रिय आहे. ‘द किलिंग जोक’, १९८८. ब्रायन बोलंडची रेघ इतकी नेमकी आहे की पावसाचा एकेक थेंब वेगळा मोजावा. पण त्यात जिम गॉर्डनची मुलगी बार्बरा हिला दारात गोळी घातली जाते ती केवळ तिच्या वडिलांना वेड लागावं म्हणून. तिचं स्वतःचं काय झालं, तिला काय वाटलं, याला पुस्तकात जागाच नाही. किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर यांना हे खटकलं. त्यांनी १९८९ मध्ये ‘सुइसाइड स्क्वॉड’मध्ये तिला व्हीलचेअरवर, संगणकासमोर, ‘ऑरॅकल’ या नावाने परत आणलं आणि सगळ्या नायकांना माहिती पुरवणारी, सगळ्यांना जिची गरज पडते अशी बाई केलं. एका पुस्तकाने केलेला अन्याय दुसऱ्या लेखकांनी पुसला नाही, त्याच्या पुढे गोष्ट नेली. सुपरहीरो कॉमिक्सवर माझा इतका जीव आहे त्याचं हे एक मोठं कारण आहे.

७. रिबूट, मल्टिव्हर्स, ‘न्यू ५२’... हे सगळं माहीत असल्याशिवाय वाचता येतं का?

येतं. तरी तोंडओळख हवी असेल तर एवढं पुरे: डीसीने १९८५-८६ मध्ये ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ या बारा अंकी कथेत आपली अनेक विश्वं, म्हणजे मल्टिव्हर्स, मोडून एक केलं. २०११ मध्ये ‘न्यू ५२’ करून पुन्हा नव्याने सुरुवात, म्हणजे रिबूट, केली. २०१६ मध्ये ‘रीबर्थ’ करून जुनं बरंचसं परत आणलं. प्रश्न ५ मधली ‘ॲब्सोल्यूट’ आणि ‘अल्टिमेट’ पुस्तकं स्वतंत्र विश्वांत घडतात, त्यामुळे आधीचं काही माहीत नसलं तरी चालतं.

एक खंत मात्र आहे. २०११ च्या ‘न्यू ५२’मध्ये बार्बरा पुन्हा चालू लागली आणि ऑरॅकल बाजूला पडली. व्हीलचेअरवरची तशी दुसरी नायिका कुठे होती?

८. सगळे मरतात आणि परत येतात. मग कुणाच्या मरणाचं वाईट का वाटून घ्यायचं?

सुपरमॅन १९९२ मध्ये मेला, १९९३ मध्ये परतला. रॉबिन या नावाचा बॅटमॅनचा दुसरा साथीदार, जेसन टॉड, १९८८ मध्ये वाचकांच्या फोनवरच्या मतदानाने मेला. मारा म्हणणारे ५,३४३ आणि वाचवा म्हणणारे ५,२७१. अवघ्या ७२ मतांनी. २००५ मध्ये तोही परतला. मरणाची बातमी करून अंक विकायचे हा धंद्याचा भाग आहे, त्याला भुलू नका.

पण मरण खरं वाटायला लावणारी पुस्तकं आहेत. जिम स्टार्लिनचं १९८२ चं ‘द डेथ ऑफ कॅप्टन मार्व्हल’ घ्या. नायकाला कर्करोग होतो. विश्वातले सगळे शक्तिमान लोक त्याच्या खाटेभोवती जमतात आणि कोणाला काही करता येत नाही. शेवट लढाईत नाही, अंथरुणावर.

आणि ‘ऑल-स्टार सुपरमॅन’, ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली, २००५ ते २००८, बारा अंक. सुपरमॅनला कळलंय की तो मरणार आहे. हातात थोडे दिवस, कामं डोंगराएवढी. दहाव्या अंकात एकच पान असं आहे: उंच इमारतीच्या कठड्यावर एक मुलगी एकटी उभी आहे, हातातला फोन खाली पडतो. सुपरमॅन मागून येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवतो, तुझ्या डॉक्टरांना खरंच उशीर झाला होता असं सांगतो, ती स्वतःला समजते त्यापेक्षा खंबीर आहे म्हणतो आणि तिला जवळ घेतो. पुढच्या पानावर तो दुसऱ्या कामाला लागलेला असतो. माझ्या वाईट दिवसांत मी हे पान उघडून ठेवलेलं आहे. मरणाऱ्या नायकाचं वाईट का वाटावं याचं उत्तर माझ्यापुरतं त्या पानात आहे.

९. मराठीत सुपरहीरो कॉमिक्स आहेत का?

होती, आणि घराघरांत होती. टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ मध्ये सुरू केलेली इंद्रजाल कॉमिक्स पुढे मराठीतही निघाली आणि १९९० मध्ये बंद पडली. आपल्या आईवडिलांच्या पिढीला वेताळ (म्हणजे इंग्रजीतला फँटम) आणि जादूगार मँड्रेक तिथेच भेटले. आबिद सुरतींनी निर्माण केलेला बहादूरही तिथलाच. डाकूचा मुलगा, जो पुढे डाकूंविरुद्ध गावकऱ्यांना उभं करतो.

आणखी एक धागा थेट पुण्याचा आहे. राज कॉमिक्सचा नागराज १९८६ मध्ये हिंदीत आला, आणि त्याच्या सुरुवातीच्या पुस्तकांतली चित्रं प्रताप मुळीक यांची. अमर चित्रकथेचे नावाजलेले चित्रकार, पुण्याचे. पौराणिक कथांत मुरलेला त्यांचा हात नागराजच्या बांध्यात आणि सापांच्या वेटोळ्यांत स्पष्ट दिसतो. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून बघा.

आज नव्या सुपरहीरो कॉमिक्सचं मराठी भाषांतर हातात पडत नाही, हे मला बोचतं.

१०. भारतीय स्पायडरमॅन वाचलात का? कसा वाटला?

वाचला. २००४ चा पवित्र प्रभाकर, चित्रं जीवन कांग यांची. मुंबईच्या इमारतींवरून धोतर नेसलेला स्पायडरमॅन झेपावतो ती चित्रं डोळ्यांत भरतात. गोष्ट मात्र नावं बदलून मांडल्यासारखी आहे. मेरी जेनची मीरा जैन, बेनकाकांचे भीमकाका, नॉर्मन ऑसबॉर्नचा नलिन ओबेरॉय. घर इथलं, पण घरातली माणसं तिकडचीच.

याउलट ‘मिस मार्व्हल’, २०१४. कमला खान ही जर्सी सिटीतली पाकिस्तानी वंशाची मुलगी. जी. विलो विल्सन आणि एड्रियन अल्फोना यांनी तिची पहिलीच ओळख करून दिली आहे ती दुकानात वर्ज्य असलेल्या बेकनचा नुसता वास घेताना. एकादशीला वडापावच्या गाडीवरून जाताना पावलं जशी मंदावतात, तसंच. परकं शहर, परका धर्म, तरी ती मुलगी मला पवित्रपेक्षा जवळची वाटली. पहिल्या खंडाला २०१५ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

११. दहा-बारा वर्षांच्या मुलांना काय देऊ?

‘मिस मार्व्हल’ (प्रश्न १०) आणि ‘सुपरमॅन स्मॅशेस द क्लॅन’. जीन लुएन यांगचं हे पुस्तक १९४६ च्या रेडिओ मालिकेवर बेतलेलं आहे. नव्या वस्तीत राहायला आलेलं चिनी कुटुंब आणि त्यांना हुसकावू पाहणारे लोक. शाळा बदललेल्या कुठल्याही मुलाला ते आपलं वाटतं. ‘वॉचमेन’ आणि ‘द किलिंग जोक’ इतक्यात नको. मुखपृष्ठावर मुखवटा आहे म्हणून मुलांचं पुस्तक, असं समजून लोक आणून देतात. आधी स्वतः चाळा.

१२. पुण्यात कॉमिक्स मिळतात कुठे?

नवे ट्रेड मोठ्या दुकानांत आणि ऑनलाइन. अप्पा बळवंत चौकात मुख्यतः अभ्यासाची पुस्तकं, तरी जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांत एखादं सापडतं. डेक्कन आणि फर्ग्युसन रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे नियमित डोकवा, त्यांना नाव सांगून ठेवा. २०२३ पासून डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो, तिथे दोन फेऱ्या माराच. आणि ओळखीच्या रद्दीवाल्याला विसरू नका. ऑनलाइन मागवताना खोका उघडतानाचा व्हिडिओ काढा. एका विक्रेत्याने मला कोपरे चेपलेला ऑम्निबस पाठवला होता आणि पुरावा नाही म्हणून परत घेतला नाही.

१३. पावसाळ्यात पानं दमट होतात, कसर लागते. काय करू?

आजोबांच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात माळ्यावर एक ट्रंक होती, मराठी इंद्रजालने भरलेली. एका जूनमध्ये कौल सरकलं. आम्ही ट्रंक उघडली ती गणपतीत. पानं एकमेकांना चिकटून वीट झाली होती. मी सुरीने एक पान सोडवायला गेले तर वेताळाचा अर्धा चेहरा एका पानाबरोबर आला, अर्धा दुसऱ्याबरोबर. म्हणून पहिलं: माळ्यावर नको, आणि पावसाची झोड लागते त्या भिंतीला टेकून कपाट नको.

अंक पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत, मागे आम्लविरहित पुठ्ठा घालून, उभे ठेवा. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दर पावसाळ्याआधी बदला. डांबरगोळ्या पानांना लागू देऊ नका. ऊन कमी झाल्यावर, सावलीत, महिन्यातून एकदा सगळं बाहेर काढून चाळा. कसरीला हालचाल नको असते. जुना वृत्तपत्री कागद त्यातल्या लिग्निनमुळे पिवळा पडणारच, उजेडापासून दूर ठेवलात तर सावकाश पडेल.

१४. जोडीमागे जा म्हणता, पण चित्रकार मध्येच बदलला तर? पुढे वाचायचं की थांबायचं?

मासिकाच्या वेगाने एकाच माणसाला वर्षभर काढत राहणं अवघड असतं, त्यामुळे हे होतंच. बदल कशासाठी केलाय ते बघा. ‘हॉकआय’मध्ये केट बिशप लॉस एंजेलिसला जाते तेव्हाचे अंक ॲनी वूने काढले. शहर बदललं, नायिका बदलली, तशी रेघही बदलली. तो बदल गोष्टीच्या कामाचा आहे. ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’मध्ये डेव्हिड मेसिनाचे अंक मधूनमधून येतात, पण लेखक तोच असल्याने धागा तुटत नाही. लेखक आणि चित्रकार दोघेही एकदम गेले, तर ते नाव तेच असलेलं दुसरं पुस्तक समजा आणि पहिला अंक उसना घेऊन वाचा.

१५. वेताळ सुपरहीरो म्हणायचा का? त्याला शक्ती कुठे आहे?

शक्ती बॅटमॅनलाही नाही. ली फॉकचा वेताळ १९३६ चा, म्हणजे सुपरमॅनच्या दोन वर्षं आधीचा. अंगाला घट्ट पोशाख, मुखवटा, गुप्त ओळख, सगळं त्याच्याकडे आधीच आहे. मी त्याला पूर्वज मानते. जंगलातल्या लोकांना एका गोऱ्या रक्षकाची गरज आहे ही त्यातली कल्पना मात्र आज वाचताना सलते, आणि आजोबांचा लाडका होता म्हणून मी ते झाकणार नाही.

१६. ज्यांनी हे नायक निर्माण केले त्यांना पैसे मिळाले का? नसतील तर विकत घेणं बरोबर आहे का?

जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला दिले. १९७५ मध्ये, म्हातारपणी, जाहीर आवाज उठवल्यावर त्यांना वार्षिक निवृत्तिवेतन आणि श्रेयनाम मिळालं. बॅटमॅनच्या निर्मितीतला मोठा वाटेकरी बिल फिंगर १९७४ मध्ये वारला. त्याचं नाव दुसरा निर्माता बॉब केन याच्या नावाबरोबर अधिकृतपणे यायला २०१५ उजाडलं.

मी विकत घेते. पण पुस्तकाबद्दल बोलताना नायकाआधी माणसांची नावं घेते, रंग भरणाऱ्याचंसुद्धा. गच्चीवर आमचा हा नियमच आहे: पुस्तक हातात घेतलं की आधी श्रेयनामाचं पान मोठ्याने वाचायचं.

१७. ताई, उसनं द्याल का?

देते, एका वेळी एक, एका महिन्यासाठी. वाचताना शेजारी चहाचा कप नको आणि पुस्तक उपडं ठेवायचं नाही. ‘इयर वन’ सध्या वारज्यातल्या एका काकांकडे आहे. त्यांनी आणि नातवाने मिळून वाचायला घेतलंय, म्हणून त्यांना मुदत वाढवून दिली आहे. त्यांच्यानंतर दोघांची नावं आहेत. ‘ऑल-स्टार सुपरमॅन’ घरी आहे, या रविवारी घेऊन येते.